वर्तनी, जकात व टोल : कोल्हापुरांतील टोलविरोधाची पूर्वपीठिका

गेल्या वर्षीं जयसिंगपुरांतील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें घराची दुरुस्ती करतांना माळ्यावर सांपडलेलें एक बाड मजकडे आणून दिलें. मोडी कागद पाहून गुरुजींस आनंद होईल, एवढाच त्याचा हेतु. बाडांत दोन प्रकारचे कागद एकत्र बांधलेले होते. पहिले, त्याच्या पूर्वजांच्या गाडीव्यापाराच्या मोडी यादी : भाडें, वैरण, नावाड्याचे पैसे व जागोजागची जकात. दुसरे, त्याच्या वडिलांनीं जपून ठेवलेले कोल्हापुरांतील टोलविरोधी चळवळीचे कागद : हस्तपत्रकें, वर्तमानपत्रांतील कात्रणें व नाक्यांवरील पावत्यांची एक जुडी. मोडी यादींवरील सालाचा आंकडा फाटून गेल्यामुळें त्यांचा काळ निश्चित होत नाहीं. अक्षर मात्र स्वच्छ आहे. पावत्यांची गोष्ट निराळी आहे. ती लेखाच्या शेवटीं सांगेन.

हे दोन्ही कागद एकाच दोरीनें बांधणाऱ्या त्या कैलासवासी गृहस्थांची दृष्टि मला मार्मिक वाटली, व तिच्याच अनुरोधानें प्रस्तुत टिपण लिहिण्यास घेतलें. चळवळ चालू असतां बाहेरगांवीं असा समज पसरला होता कीं, कोल्हापूरकरांस रस्ता हवा, पण पैसा द्यावयास नको. मला हें खरें वाटत नाहीं. वाटेसाठीं द्रव्य देणें आपल्या लोकांस नवीन नाहीं. घेणाऱ्यानें घेतलेल्याचा हिशेब दिला नाहीं व घेण्याबरोबर पत्करलेली जबाबदारी पार पाडली नाहीं, म्हणजे तंटा उभा राहतो. हें दाखविण्यासाठीं थोडें मागें जाणें जरूर आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत मालावरील शुल्काहून निराळी अशी 'वर्तनी' नांवाची पट्टी सांगितली आहे. वर्तनी म्हणजे वाट. तेव्हां ही वाटेची पट्टी झाली. ती सीमेवरील अंतपालानें घ्यावयाची : मालाच्या वाहनास सव्वा पण, एका खुराच्या जनावरास एक पण, इतर पशूंस अर्धा, लहान पशूंस पाव, आणि खांद्यावरील ओझ्यास एक माष. दरांत कांहीं विशेष नाहीं. विशेष आहे तें त्याच्या लगतच्याच सूत्रांत. वाटेंत जें हरवलें अथवा चोरीस गेलें तें त्याच अंतपालानें भरून द्यावें, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. घेणें व देणें हीं दोन सूत्रें शेजारींशेजारीं ठेवण्यांत ग्रंथकाराचा हेतु काय असावा हें संस्कृतज्ञ वाचकांस सांगावयास नको. अर्थात् हा शास्त्रांतील विधि झाला. प्रत्यक्षांत किती अंतपालांनीं चोरीचा माल भरून दिला असेल, याविषयीं शंका घेण्यास जागा आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील तराचे, म्हणजे नावेच्या उताराचे दर याच धर्तीचे आहेत. गाडीस एक पण, मनुष्यानें वाहण्याच्या ओझ्यास अर्धा, पशूस व स्त्रीस पाव, रिकाम्या पुरुषास त्याच्याही निम्मा. गर्भिणी, संन्यासी व ब्रह्मचारी यांस माफी. येथेंही लगेच पुढें सांगितलें आहे कीं, नावाड्यांच्या दोषामुळें कांहीं नासलें तर तें नावाड्यांनीं मिळून भरावें. दैवी आपत्तीस मात्र दंड नाहीं. दोन भिन्न ग्रंथांत एकच जोडी यावी हा योगायोग मानण्यास मी तयार नाहीं.

शुल्कशाळेचें वर्णनही मननीय आहे. ती नगराच्या महाद्वारापाशीं ध्वज उभारून बांधावी. तेथें चार किंवा पांच अधिकाऱ्यांनीं येणारे व्यापारी कोण, कोठून आले, माल किती, व मुद्रा कोठें झाली हें लिहून घ्यावें. सरकारी द्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार त्याच अधिकरणांत मोजून दाखविले आहेत, व ज्यांस अमक्या अधिकाऱ्यापासून उपद्रव झाला असेल त्यांनीं येऊन सांगावें अशी दवंडी पिटण्याची आज्ञाही दिली आहे. सरकारी खर्चाविषयींचा अविश्वास हें अलीकडचें खूळ आहे असें म्हणणाऱ्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें. जातां जातां सांगावयाचें तें हें कीं, तंजावर प्रांतांतील एका पंडितानें आपल्याजवळील ताडपत्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत आणून दिली, म्हणूनच शामशास्त्र्यांस १९०९ सालीं हा ग्रंथ छापतां आला.

आतां शास्त्र सोडून आपल्याच मुलखांतील लेखाकडे वळूं. शके १०५८ (इ. स. ११३५-३६) मधील कोल्हापूरचा कन्नड शिलालेख शिलाहार गंडरादित्याच्या वेळचा आहे. त्याचा सामंत निंबदेव यानें बांधलेल्या जैन मंदिराच्या खर्चासाठीं ठिकठिकाणच्या व्यापाऱ्यांनीं एकत्र जमून आपल्या मालावर आपणच पट्टी बसवून घेतली. ही वाटेची पट्टी नव्हे, हें उघड आहे. तथापि पट्टी कोणी ठरविली, कोणत्या मालावर व कशासाठीं, हें सर्व दगडावर कोरून लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवलें गेलें. नऊशें वर्षांपूर्वींचा हा करार आजही कोणासही जाऊन पाहतां येतो, ही गोष्ट पुढील हकीगत वाचतांना ध्यानांत ठेवावी.

मराठी राज्यांतील जकातीविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. जकातीचे कमाविसदार, त्यांस दिलेल्या ताकिदी, अमक्याचा माल माफ करावा अशीं पत्रें व दस्तकें हीं आपल्या दफ्तरांत विपुल आहेत. महालोमहालीं जकात द्यावी लागे व व्यापारी तिजमुळें त्रस्त असत, हें त्याच कागदांवरून दिसतें. मुंबई इलाख्यांतील अंतर्गत वाहतुकीवरच्या जकाती इंग्रजांनीं १८३८ सालीं उठविल्या, परंतु १८७५ सालीं रस्ते व पूल यांवरील टोलचा कायदा करून नाका पुन्हां उभा केला. मध्यंतरीं १८६९ च्या कायद्यानें जमीनसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड कायम झाला होता, व तो रस्ते आणि शाळा यांकरितां म्हणून घेतला जाई. कुणब्यापासून घेतलेलें द्रव्य कुणब्याच्या मुलांच्या शिक्षणास लागत नाहीं, अशी तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें लेखी मांडली. पट्टी देण्यास त्यांची ना नव्हती. ती जाते कोठें, हा त्यांचा प्रश्न होता.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालें; तोंपर्यंत येथील व्यवस्था निराळी होती. आमचें जयसिंगपूर हें त्या संस्थानी व्यवस्थेचेंच अपत्य. मिरजेहून कोल्हापुरास जाणारी आगगाडी १८९१ सालीं सुरू झाली, व पुढें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत शाहू छत्रपतींनीं या लोहमार्गावर आपले जनक जयसिंगराव घाटगे यांच्या नांवें पेठ वसविली. सरळ रस्ते, क्रमांकांच्या गल्ल्या, व्यापाऱ्यांस जागा. सरकारी पैसा कोठें गेला हें येथें आलेल्या अडाणी गाडीवानासही दिसत असे. मी या गांवचा असल्यामुळें हें थोडें अधिक अभिमानानें लिहिलें असेल, तर वाचकांनीं क्षमा करावी.

आतां मुख्य प्रकरण. कोल्हापूर शहरांतील ४९.९९ किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा व हस्तांतरित करा' या पद्धतीनें करावयाचें ठरलें. (शाळेंत असा आंकडा उत्तर म्हणून आला असता, तर मीं मुलास गणित पुन्हां तपासावयास लावलें असतें.) महानगरपालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ व आयआरबी कंपनी यांच्यामध्यें करार होऊन २२० कोटी रुपयांचें हें काम कंपनीनें हातीं घेतलें. मोबदला म्हणून शहराच्या वेशींवर नऊ नाके घालून ३० वर्षें टोल घेण्याचा हक्क, व शिवाय टेंबलाईवाडी येथील मोठा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें. टोलवसुलीचा कायदेशीर आधार १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याचें २० वें कलम.

येथें एक गोष्ट पक्षपात न करतां नमूद केली पाहिजे. हा करार वरून लादलेला नव्हता. लोकांनीं निवडून दिलेल्या महापालिकेचा त्यांत हात होता, आणि कंपनीनें स्वतःचें भांडवल घातलें होतें. करारानें मिळालेला हक्क आपण मागतों, हें तिचें म्हणणें कायद्याच्या दृष्टीनें पोकळ नव्हतें. परंतु करारांतील कलमें सामान्य नागरिकास कळलीं तीं रस्ते उकरले गेल्यावर, व कांहींस तर नाके उभे राहिल्यावर. मग लोक मोजूं लागले. गटारें कोठें आहेत? पदपथ कोठें आहेत? दिव्यांचे खांब, झाडें, रस्त्याची जाडी? हस्तपत्रकांतून हेच प्रश्न पुनःपुन्हां आले आहेत. बाडांतील एका पत्रकाच्या पाठीवर त्या गृहस्थांनीं पेन्सिलीनें आपल्या नेहमींच्या रस्त्याचा असाच ताळेबंद मांडला आहे : काय सांगितलें होतें, काय झालें, काय राहिलें. तो मला सर्व भाषणांहून मोलाचा वाटतो.

सर्वपक्षीय टोलविरोधी कृति समितीचें नेतृत्व प्रा. एन. डी. पाटील यांनीं केलें, व कॉम्रेड गोविंद पानसरे त्यांच्या बरोबरीनें होते. दोघेही वयोवृद्ध, दोघेही शेतकरी-कामकरी चळवळींत मुरलेले. मोर्चे निघाले, ते लहान नव्हते. तथापि ऑक्टोबर २०१३ मध्यें पोलिसांच्या बंदोबस्तांत वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्यें उपोषण झालें. टोल बंद होणार असें आश्वासन मिळालें. तरी नाक्यांवरची वसुली थांबेना, तेव्हां १२ जानेवारी रोजीं संतप्त जमावानें नाके पेटवून दिले. जाळपोळीचें समर्थन मी करीत नाहीं. ज्या संयमानें हा लढा दोन वर्षें चालला होता त्यास त्या दिवशीं उणेपणा आला. फेब्रुवारी २०१४ मध्यें उच्च न्यायालयानें वसुली थांबविली. मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती स्थगिती उठविली. नाके पुन्हां सुरू झाले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं सकाळीं फिरावयास गेलेल्या पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या व चार दिवसांनीं त्यांचें देहावसान झालें. लढ्याचा शेवट त्यांनीं पाहिला नाहीं. डिसेंबर २०१५ मध्यें शासनानें कोल्हापूरचा टोल रद्द केल्याचें जाहीर केलें, व २०१६ च्या आरंभीं त्याचा रीतसर हुकूम निघाला. एन. डी. पाटील १७ जानेवारी २०२२ रोजीं निवर्तले.

हें सर्व वाचतांना मला वारंवार वेल्स देशांतील रिबेकाच्या दंग्यांची आठवण झाली. १८३९ ते १८४३ या काळांत तेथील शेतकरी रात्रीं स्त्रीवेष घेऊन टोलचीं फाटकें मोडीत. बायबलांत रिबेकेस तिची संतति वैऱ्यांच्या वेशी काबीज करील असा आशीर्वाद आहे, त्यावरून त्यांनीं हें नांव घेतलें. शेतांत घालावयाचा चुना आणतांना एकाच वाटेवर अनेक मंडळ्यांच्या फाटकांवर पैसे मोजावे लागत. सरकारनें फौज पाठविली, पण चौकशी-मंडळही नेमलें, व १८४४ च्या कायद्यानें त्या फुटकळ मंडळ्या मोडून रस्ते जिल्ह्याच्या एका हिशेबाखालीं आणले. म्हणजे फाटकें मोडल्यानंतर तेथें हिशेबाची पद्धत बदलली. आमच्याकडे काय झालें?

आमच्याकडे नाका उठला, परंतु देणें उठलें नाहीं. करार मुदतीपूर्वीं मोडला म्हणजे मूळ खर्चावर व्याज व बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मागितली जाते. कोल्हापूरच्या बाबतींत ४५० कोटींच्या घरांतील रक्कम कंपनीस देण्याचें शासनानें पत्करलें. ती आली राज्याच्या तिजोरींतून. कोल्हापूरकराचा नाक्यावरचा ताप गेला, व त्याचा एक सूक्ष्म अंश जयसिंगपूरच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यावर व ज्यानें कोल्हापूर कधीं पाहिलेंही नाहीं अशा गडचिरोलीच्या शेतकऱ्यावर वांटला गेला. विजय झाला, तो खरा. मीही त्या दिवशीं पेढे खाल्ले. पण २२० कोटींच्या कामापोटीं तिजोरींतून इतकें द्रव्य कां गेलें, हा प्रश्न रस्त्यावर कोणी विचारला नाहीं, कारण तिजोरीपुढें नाका नसतो.

हीच रीत राज्यांत पडलेली दिसते. १ जून २०१५ पासून १२ नाके बंद झाले व ५३ नाक्यांवर लहान गाड्यांस व एस. टी.स माफी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबईच्या पांच वेशींवर लहान गाड्यांस माफी झाली. जुन्या माफीपत्रांची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. शिरोलीहून हातकणंगले, जयसिंगपूर, उदगांव व कृष्णा ओलांडून अंकलीस जाणारा आमचा रस्ताही याच पद्धतीनें रुंद करावयास घेतला होता, व तेथेंही टोलास विरोध झाला. पुढें त्याच वाटेवर चोकाक ते अंकली या टप्प्यांत महामार्गाखालीं जाणाऱ्या जमिनींच्या मोबदल्याचा वाद उभा राहिला.

आतां त्या पावत्यांविषयीं. जुडी सोडून पाहिली तों बहुतेक कागद कोरे. यंत्रांतून उष्णतेनें उमटणारें हें अक्षर कांहीं वर्षांत उडून जातें, हें मला तेव्हां कळलें. दोन-तीन पावत्यांवर उन्हाकडे धरल्यास वाहनाचा प्रकार तेवढा लागतो. तारीख लागत नाहीं, रक्कम लागत नाहीं. शिलाहारांचा लेख दगडांत आहे, गाडीवानाच्या मोडी यादी बोरूच्या शाईनें अजून वाचतां येतात, आणि आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या लढ्यांतील देणाऱ्याच्या बाजूचा पुरावा नाहींसा झाला आहे. घेणाऱ्यांच्या बाजूचा करार, निविदा व हुकूम सरकारी दफ्तरांत राहतील. पुढील संशोधकास त्यांवरूनच हा इतिहास लिहावा लागला, तर तो एकतर्फी होईल.

म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस विनंति आहे कीं, ताम्रपट व सनदा जमवितांना अशीं हस्तपत्रकें, सभांच्या वह्या व पावत्या यांसही स्थान द्यावें. पावत्यांची नक्कल तात्काळ हातानें, टिकाऊ शाईनें उतरून घ्यावी. मूळ कागद उष्णतेपासून दूर व प्लास्टिकच्या पिशवींत न घालतां ठेवावे. पेन्सिलीचा ताळेबंद असलेलें पत्रक, त्याची मीं केलेली नक्कल, मोडी यादी व त्या कोऱ्या पावत्या असें सगळें बाड, मालकाच्या संमतीनें, मंडळाच्या दफ्तरखान्याकडे या लेखाबरोबर पाठवीत आहें. दोरी मूळचीच ठेवली आहे.