मास्तर आणि मिस्त्री : एका लॅटिन शब्दाचें कूळ

कारखान्यांत यंत्र अडलें कीं मिस्त्रींना हांक जाते. मुलाला अक्षर लावावयाचें झालें कीं मास्तरांची आठवण होते. एकाच्या हातीं पाना, दुसऱ्याच्या हातीं खडू. समाजानें या दोघांना निरनिराळ्या पंक्तींस बसविलें. परंतु शब्दांची वंशावळ पाहिली तर ते सख्खे भाऊ ठरतात.

त्यांचा मूळपुरुष म्हणजे लॅटिन भाषेंतील 'मागिस्तेर' हा शब्द. 'मागिस' म्हणजे अधिक. इतरांहून जो अधिक, तो मागिस्तेर. आपला संस्कृत 'महा' हा या 'मागिस'चाच दूरचा आप्त होय. उलटपक्षीं 'मिनुस' म्हणजे उणें, आणि त्यावरून 'मिनिस्तेर' म्हणजे सेवक. काळाचा विनोद असा कीं, तोच सेवक इंग्रजींत 'मिनिस्टर' होऊन कारभार पाहूं लागला!

रोमन साम्राज्य लयास गेलें, पण मागिस्तेरचा वंश विस्तारला. तो इटलींत 'मायेस्त्रो', जर्मनींत 'माइस्टर' व पोर्तुगालांत 'मेस्त्र' झाला. १५१० सालीं गोवा व १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली. ते कुशल कारागिरासहि 'मेस्त्र' म्हणत. त्याचाच आपल्याकडे मेस्त्री व मिस्त्री झाला. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. पुढें इंग्रजी अमलांत शाळेंतून 'मास्तर' व कचेरींतून 'मॅजिस्ट्रेट' आले, तेहि याच घरचे.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, आणि पुढें चिंचवड-भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका मिळाली. म्हणजे 'महा' हा आप्तहि गांवांत आला. २००९ सालीं चाकणला जर्मनीच्या फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि माइस्टर व मिस्त्री हे दोन शब्द शेजारीं येऊन उभे राहिले.

या शेजारांत एक धडा आहे. जर्मनींत माइस्टर ही परीक्षा देऊन मिळविण्याची पदवी आहे. तो स्वतः काम करतो व शागीर्दांस शिकवितो. म्हणजे तेथें कारागीर आणि शिक्षक एकाच शब्दांत नांदतात. आपल्याकडे मात्र शब्दाची वांटणी झाली, व मानाचीहि. यंत्राच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या मिस्त्रीची विद्या बहुधा वहींत उतरत नाहीं. ती त्याच्याबरोबरच निवृत्त होते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फळ्यापुढें उभा राहणारा आणि कानसहि चालविणारा निदेशक या दोन भावांची भेट घडवूं पाहतो. त्याला मास्तराइतकाच मान मिळाला, तर जुन्या घराण्याची वांटणी मिटेल.