राखाडी कागद

ई-इंकचा पडदा 'कागदासारखा' म्हणतात खरे, पण त्याची पार्श्वभूमी राखाडीच. १९९७ साली एमआयटीतल्या मंडळींनी ई इंक कंपनी काढली. केसाच्या जाडीएवढ्या कुप्या, त्यांत पांढरे आणि काळे कण. विजेच्या इशाऱ्याने जे वर येतील तो रंग दिसतो. पडद्याला स्वतःचा उजेड नाही. खोलीतला उजेड तो परत फेकतो, तोही निम्म्याहून कमी. म्हणून पान मळकट दिसते.

२००४ साली सोनीचे लिब्रिए आले, २००७ साली किंडल. पहिल्या किंडलवर राखाडीच्या चारच छटा होत्या, २००९ च्या दुसऱ्यात सोळा. पुढे २०१० साली 'पर्ल' आणि २०१३ साली 'कार्टा' पडद्याने काळ्या-पांढऱ्यातले अंतर वाढवले. मधे २०१२ च्या पेपरव्हाइटने पानावर कडेच्या दिव्यांचा उजेड पाडला.

मला काळजी देवनागरीची. इंग्रजी 'आय'वरचा ठिपका फिका पडला तरी शब्द कळतो. आपल्याकडे अनुस्वार पुसट झाला की 'रंग'चा 'रग' होतो, 'वंश'चा 'वश'! म्हणून मराठी पुस्तक वाचताना मी अक्षर एक पायरी मोठे ठेवतो आणि खिडकीजवळ बसतो.