हिमोढजन्य पाणथळ वनमृदा

हिमनदीने मागे टाकलेल्या दगडगोटे, वाळू व गाळ यांच्या सरमिसळ भरावर, डोंगरउतारावरील जंगलात तयार झालेली, निचरा मंद असलेली मृदा. या भराला भूविज्ञानात टिल म्हणतात. वाहते पाणी दगड, वाळू आणि गाळ वेगवेगळे करून टाकते. बर्फ तसे करीत नाही. त्यामुळे टिलमध्ये पिठासारख्या बारीक कणांपासून बैलगाडीएवढ्या शिळांपर्यंत सारे एकत्र सापडते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर, व्हरमाँट व मेन ही राज्ये, पूर्व कॅनडा, स्कॉटलंड आणि स्कँडिनेव्हिया येथे अशा मृदा आढळतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः न्यू हॅम्पशरमधील व्हाइट मौंटन्स या पर्वतभागाचा विचार केला आहे.

पाणी उताराने वाहून जाते, म्हणून डोंगर कोरडा आणि दलदल सपाटीवर, असा सर्वसाधारण समज असतो. या मृदेबाबत तो खरा ठरत नाही. याचे कारण पृष्ठभागावर दिसत नाही. ते अर्धा-पाऊण मीटर खाली असते. शेवटच्या हिमयुगात लॉरेंटाइड हिमस्तराने हा सारा प्रदेश झाकला होता. १,९१७ मी. उंचीच्या मौंट वॉशिंग्टन शिखराच्या माथ्यावरही दुरून आलेले परके दगड सापडतात, त्यावरून बर्फ शिखराच्याही वर होता हे सिद्ध होते. सरकत्या बर्फाने तळाशी जो भर अंथरला, तो वरच्या प्रचंड वजनाखाली चोपलेल्या खळ्यासारखा घट्ट झाला. सुमारे १४,००० वर्षांपूर्वी बर्फ वितळू लागला, तेव्हा त्याच्या अंगातला उरलासुरला भर या घट्ट थरावर सैलसर पसरला. वर सैल आणि खाली आवळलेला, अशी ही दुपदरी रचना आहे. घट्ट थराची घनता दर घन सेंटिमीटरला १.८ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. त्यात मुळे शिरत नाहीत, पाणी अगदी सावकाश शिरते, आणि खोदताना पहार खणखणते.

पावसाचे व वितळलेल्या हिमाचे पाणी सैल थरातून खाली उतरते, घट्ट थराशी अडते आणि मग त्याच्या पाठीवरून उताराच्या दिशेने झिरपत राहते. जिथे उतार मंदावतो, डोंगराच्या अंगाला पायरीसारखा सपाट टप्पा येतो किंवा खोलगट भाग असतो, तिथे वरून येणारे पाणी खाली जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होते आणि जमीन भरून जाते. खरी, खोल भूजल पातळी याहून खाली असू शकते. हे पाणी वरच्यावर अडलेले असते. त्याला ऋतुमानही आहे. मार्च-एप्रिलमध्ये हिम वितळताना आणि शरद ऋतूत पानगळीनंतर पाणी पृष्ठभागालगत येते. उन्हाळ्यात झाडे ते ओढून घेतात आणि पातळी खाली जाते.

झाडांचा हा वाटा किती मोठा, हे हबर्ड ब्रूक प्रायोगिक वनात स्पष्ट दिसले. अमेरिकेच्या वनसेवेने १९५५ मध्ये व्हाइट मौंटन्समध्ये हे वन राखून ठेवले. १९६३ मध्ये हर्बर्ट बोरमन, जीन लाइकेन्स, नॉय जॉन्सन व रॉबर्ट पिअर्स यांनी तेथे ओढ्यांच्या पाणलोटांचा अभ्यास सुरू केला. उत्तर अमेरिकेतील आम्लवर्षेचा शोध येथेच लागला, म्हणून या वनाचे नाव अधिक ऐकू येते. मृदावैज्ञानिकाला मात्र दुसरा प्रयोग जास्त शिकवून जातो. १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातील सगळी झाडे तोडली आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक फवारून नवी वाढ रोखली. पहिल्याच वर्षी ओढ्याचा प्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी वाढला आणि पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण कित्येक पटींनी चढले. जंगल उभे असताना ते पाणी पानांवाटे हवेत जात होते.

पाणी अडून राहणाऱ्या अशा जागी खड्डा खणला तर वर अर्धवट कुजलेल्या पानांचा काळा, ओलसर थर लागतो. जागेप्रमाणे तो काही सेंटिमीटरपासून वीतभर जाड असतो. त्याखाली करडी किंवा राखाडी, बारीक वाळूमिश्रित पोयट्याची माती आणि तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके दिसतात. हा रंग म्हणजे लोहाची करामत. माती पाण्याने भरली की तिच्यातला ऑक्सिजन सूक्ष्मजीव संपवून टाकतात. मग श्वसनासाठी ते आधी नायट्रेट, नंतर मँगॅनीज आणि लोह यांच्यावर भागवतात. लाल-पिवळे लोह विद्राव्य होऊन सरकते आणि माती फिकी पडते. मुळांच्या जुन्या वाटांनी हवा आत आली की तेच लोह तिथे पुन्हा गंजून बसते. म्हणून भर उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत असला तरी मातीचा रंग ताडून पाहण्याची मन्सेल रंगपुस्तिका हातात धरून जाणकार सांगतो की पाणी इथपर्यंत येते. पाण्याने राखाडी झालेल्या अशा थराला ग्ले म्हणतात. ही संज्ञा रशियन शास्त्रज्ञ व्हिसोत्स्की यांनी १९०५ मध्ये रूढ केली.

एकाच टेकडीवर, एकाच टिलमध्ये, निचऱ्याप्रमाणे मृदा बदलत जातात. अमेरिकी मृदासर्वेक्षणात त्यांना वेगवेगळी नावे आहेत: चांगल्या निचऱ्याची ती मार्लो, मध्यम निचऱ्याची पेरू, मंद निचऱ्याची पिल्सबरी. उताराबरोबर बदलणाऱ्या अशा साखळीला जेफ्री मिल्न यांनी पूर्व आफ्रिकेतील कामावरून १९३५ मध्ये कॅटेना म्हटले. हबर्ड ब्रूकमधील अलीकडच्या अभ्यासाने या चित्रात एक महत्त्वाची भर घातली. पॉडझॉल प्रकारच्या मृदेत सेंद्रिय द्रव्य, लोह व ॲल्युमिनियम वरच्या थरातून धुऊन खालच्या थरात साठतात, असे पाठ्यपुस्तकात असते. डोंगरउतारावर ती आडवीही जातात: माथ्याजवळ, उघड्या खडकालगत, धुऊन निघालेला फिकट थर जाड असतो, तर उतारावरून निघालेला ऐवज खालच्या अंगाला गडद थरात साठतो. एका खड्ड्यावरून मृदा ओळखण्याची जुनी सवय इथे अपुरी पडते. वरचा उतार पाहिल्याशिवाय खालचा खड्डा वाचता येत नाही.

खडकाप्रमाणे या मृदेची आम्लताही बदलते. व्हाइट मौंटन्समध्ये ग्रॅनाइट व अभ्रकी शिस्ट असल्याने ती बरीच आम्ल असते, तर पूर्व व्हरमाँटमध्ये टिलमध्ये चुनायुक्त खडक मिसळल्याने कमी आम्ल असते.

अशा ओल्या जागी तांबडा मेपल, पिवळा बर्च, बाल्सम फर व तांबडा स्प्रूस ही झाडे वाढतात. साखर मेपल तिथून दूर राहतो; त्याला निचरा लागतो. मुळे खोल जाऊ शकत नसल्याने ती ताटासारखी आडवी पसरतात आणि वादळात झाड मुळांसकट उलथते. २१ सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडची जंगले अशी आडवी केली. उलथलेल्या झाडामागे खड्डा आणि शेजारी मातीचा उंचवटा राहतो. खड्ड्यात पाणी साचते, उंचवट्यावर नवी रोपे धरतात. पाझरांजवळ काळा ॲश वाढतो. त्याचा ओंडका ठोकून वार्षिक वलये एकेका पट्टीने सुटी करायची आणि त्यांच्या टोपल्या विणायच्या, ही येथील मूळ रहिवासी वाबानाकी लोकांची जुनी कला आहे. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेला आशियाई पन्ना-भुंगेरा ॲशची झाडे मारीत असल्याने या कलेवरही संकट आले आहे.

शेतीसाठी या जमिनी फारशा कामाच्या नाहीत. वसाहतकाळातल्या शेतकऱ्यांनी दगड वेचून कुंपणाच्या भिंती रचल्या. पुढे शेते सोडली गेली आणि त्या भिंती आता जंगलात उभ्या दिसतात. लाकूडतोड करायची तर जमीन गोठलेली असतानाच करावी. एरवी यंत्रांची चाके खोल चाकोऱ्या पाडतात आणि सैल थरातून आडवे झिरपणारे पाणी अडते. डोंगर कापून काढलेला रस्ताही हेच पाणी उघड्यावर आणतो. शोषखड्डा घालून घर बांधण्यासाठी भूखंड बघणाऱ्याने तो एप्रिलमध्ये बघावा, ऑगस्टमध्ये नव्हे.

महाराष्ट्रात ही मृदा नाही. कालव्याच्या पाण्याने बिघडलेल्या काळ्या जमिनीला आपण चोपण म्हणतो. तिचाही निचरा वाईट असतो, पण तिथला दोष सोडियमचा आहे आणि तिच्यावरचा जिप्सम टाकण्याचा उपाय या हिमोढजन्य मृदेला उपयोगी नाही. हिमनदीचा भर मात्र महाराष्ट्रात आहे: चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरई येथे तालचेर काळातील, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा गोलाश्म थर आहे आणि त्याखालच्या चुनखडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे दिसतात.