जड चाकाचा इतिहास

चाक फिरवून जाड पाचरीच्या आकाराचा पडदा वर-खाली करून नळ बंद करणारा स्लुइस व्हॉल्व्ह १८३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकाराला आला. वाफेच्या घणामुळे नाव झालेल्या जेम्स नास्मिथने लंडनच्या जलवाहिन्यांसाठी दोन्ही तोंडांनी बसणारी पाचर बनवली. गळती थांबली, पण घट्ट रुतलेली पाचर उचलायलाही तितकाच जोर लागू लागला.

वाफेच्या नळांवर ही अडचण जास्त जाचक ठरली. तापलेल्या नळावर व्हॉल्व्ह बंद केला आणि नळ निवाला, की व्हॉल्व्हचे आकसलेले अंग पाचरीला चिमटीत धरते. मग चाकात पाइप घालून दोघांनी जोर लावला तरी पाचर हलत नाही, चाकाला पाचरीशी जोडणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, मात्र पिळला जातो. हडर्सफील्डच्या हॉपकिन्सन कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचर टाळून समांतर तबकड्यांचा व्हॉल्व्ह पुढे आणला. त्यात तबकडी घट्ट बसते ती वाफेच्याच दाबाने, त्यामुळे पकड सुटायला सोपी जाते.

दाबाचे ओझे मात्र कोणत्याही रचनेला चुकत नाही. १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रात पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून येते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोंहून जास्त दाब. एवढ्या दाबाखाली ३० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर सुमारे ३५ टनांचा भार पडतो. घर्षण वीस टक्के धरले तरी तो सरकवायला सात टनांची ओढ हवी. म्हणूनच मोठ्या व्हॉल्व्हच्या बगलेला छोटा बायपास देतात. आधी तो उघडून पलीकडचा नळ भरला, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि मोठे चाक हाताने फिरते. ही साधी युक्ती फार मोलाची आहे. बायपास विसरून चाकाशी झुंजणे हे आजही जड चाकाचे पहिले कारण म्हणून तपासावे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वेन नॉर्डस्ट्रॉम या स्वीडिश अभियंत्याने अमेरिकेत वेगळी वाट काढली. त्याच्या प्लग व्हॉल्व्हच्या माथ्यावर एक स्क्रू असे. तो पिळला की ग्रीस प्लगच्या चरांतून तळाशी जाई आणि रुतलेला प्लग किंचित उचलला जाई. ग्रीस सुकले की हा व्हॉल्व्हही जाम होतो, म्हणून ते वेळेवर भरावेच लागते.

दोष नेमका कुठे आहे, हे चाकच सांगते. फक्त पहिल्या पाव फेऱ्यात जड असेल तर पाचर रुतली आहे. सगळ्या फेऱ्यांत सारखेच जड असेल तर ग्लँडचे पॅकिंग, म्हणजे स्पिंडलभोवतीची गळती रोखणारी भरण, किंवा स्पिंडलचे आटे पाहावेत. दाब पूर्ण उतरवून ग्लँडचे नट थोडे सैल केल्यावर चाक हलके झाले, तर खोट पॅकिंगमध्ये आहे.

पॅकिंगचाही इतिहास आहे. आधी चरबी लावलेला ताग, मग ॲस्बेस्टॉस आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्राफाइट. ॲस्बेस्टॉस हटवून जुन्या खोल ग्लँडांत तेवढ्याच ग्राफाइटच्या कड्या ठासल्या गेल्या, तेव्हा गळती गेली पण चाके जड झाली. शेवटी तळाशी कार्बनचा बुश बसवून वर चार-पाचच कड्या ठेवण्याची पद्धत रूढ झाली.