मूठभर धान्याची शाळा

‘शाळा सुटली’ आणि ‘शाळा सोडली’ यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात पोरांचा गलका आहे, दुसऱ्यात एका घरातली शांतता.

शंभर वर्षांपूर्वी खेड्यातलं मूल बहुधा एकाच वळणावर शाळा सोडायचं. गावातले वर्ग संपायचे आणि हायस्कूल असायचं दूर शहरात. फी तर होतीच. पण त्याआधीचा प्रश्न होता, राहायचं कुठं आणि जेवायचं काय? गरीब ब्राह्मण मुलांना निदान माधुकरी होती, वार लावून जेवण्याची सोय होती. इतरांच्या मुलांना कोण वार देणार?

हे अचूक ओळखलं कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ साली त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजाला तशीच वसतिगृहं काढायला लावली. १९०६ साली मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं. आमच्या समाजात शिक्षणाचा दिवा ज्या हातांनी लावला, त्यांत एक हात या छत्रपतींचा होता, याचं मला अप्रूप वाटतं.

त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं. राजाकडे खजिना होता; भाऊरावांकडे काय होतं? त्यांनी गावाकडे हात पसरला. दूधगावच्या वसतिगृहासाठी मुष्टिफंड निघाला. घरटी मूठभर धान्य बाजूला काढायचं, त्यावर मुलांचं जेवण चालायचं. मूठ एवढीशी, पण ती देणाऱ्या बाईला ते पोर आपलं वाटू लागे. ज्याच्या ताटात आपलं धान्य आहे, तो मुलगा आज शाळेत का दिसला नाही, हे ती विचारणारच!

१९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. शाहूंच्या काळी समाजागणिक बोर्डिंगं होती. इथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांची चूल थंड पडायची वेळ आली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९४० साली साताऱ्यात मोफत निवासी हायस्कूल उभं राहिलं. मुलं श्रम करत, त्यावर शिकत. मदत होती, पण लाचारी नव्हती.

आज गावोगावी शाळा आहेत. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं छत्र चौदाव्या वर्षापर्यंतच. नेमकं त्यापुढे, नववी-दहावीत, गळती वाढते. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांमागून मुलगा फडावर जातो. मुलीचं लग्न ठरतं. हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे, ती हवीच. पण योजनेच्या कागदावर मुलांची संख्या असते, त्यांचं नाव घेऊन हाक मारणारं माणूस गावातच लागतं.

आपल्या गल्लीतलं कुठलं पोर दिवाळीनंतर शाळेत गेलेलं नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. कुणी त्याची एसटीच्या पासाची सोय करावी, कुणी संध्याकाळी गणित शिकवावं, कुणी आईबाप परत येईपर्यंत आपल्या घरात त्याचं अंथरूण घालावं. भाऊरावांनी मागितली होती तीही एक मूठच होती.