पालकांचे काय चुकले?

प्राथमिक शाळा संपली, पुढे जागा नाही, अशा मुलाचे करायचे काय? हा प्रश्न निघाला की टांझानियाचा दाखला ठरलेला. मार्च १९६७ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ ही पुस्तिका लिहिली, तेव्हा तिथे प्राथमिक शाळा पुरी करणाऱ्या शंभरांतल्या तेरांनाच माध्यमिक शाळेत जागा मिळत होती. उरलेली ८७ मुले नापासाची भावना घेऊन घरी परतत. म्हणून प्राथमिक शिक्षण स्वतःत पुरे असावे, शाळेला शेत असावे, ते मुलांनी कसावे आणि शाळा गावाशी एकजीव व्हावी, असे न्येरेरे यांनी मांडले. पुढे टांगा प्रांतातल्या क्वामसिसी गावी अशा समाजशाळेचा प्रयोगही झाला.

हे सारे अपेक्षेइतके रुजले नाही. का, तर आईबापांना कारकुनीचा मोह आणि पोरांना मातीची लाज, असे सांगितले जाते. आपल्याकडेही खेड्यातल्या शिक्षणाविषयी बोलताना हेच निदान ऐकू येते. मला ते साफ चुकीचे वाटते.

न्येरेरे यांच्या हेतूविषयी शंका नाही, त्यांचा हिशेबही खोटा नव्हता. देश गरीब होता, माध्यमिक शाळा मोजक्या. पण सातवीअखेरची निवड परीक्षा राहिली. सरकारी पगार आणि कुदळीवरची कमाई यांतले अंतर राहिले. कापसाचा नि कॉफीचा भाव शेतकऱ्याच्या हाती नव्हताच. १९७४ च्या मुसोमा ठरावाने प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचा निर्धार केला. ते काम मोठे होते, पण माध्यमिक शाळा त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि दार आणखी अरुंद झाले. अशा वेळी जो बाप म्हणतो, ‘कुदळ धरायला मी घरी शिकवतो, शाळेने त्याला परीक्षेसाठी तयार करावे’, त्याला मोहात पडलेला कसे म्हणायचे? आपल्या मुलापुढच्या वाटा त्याने नीट मोजल्या होत्या.

फिलिप फॉस्टर यांनी घानाचा अभ्यास करून १९६५ मध्येच हे दाखवले होते. मुलांच्या आकांक्षा अभ्यासक्रम घडवत नाही, नोकऱ्यांची आणि वेतनाची घडण घडवते. ज्याला आपण पुस्तकी शिक्षण म्हणून हिणवतो, तेच त्या समाजात सर्वांत चांगल्या पगाराच्या कामाकडे नेत होते. म्हणजे खरे धंदेशिक्षण तेच होते!

आणि श्रमाची लाज? टांझानियाच्या शेजारच्या केनियात त्याच काळात गावकऱ्यांनी वर्गणी काढून, अंगमेहनत करून ‘हरांबे’ माध्यमिक शाळा उभ्या केल्या. काही वर्षांत त्यांची संख्या सरकारी माध्यमिक शाळांहून जास्त झाली. ही माणसे घाम गाळायला कचरत नव्हती. तो कशासाठी गाळायचा, हे त्यांना स्वतः ठरवायचे होते.

याचा अर्थ शाळेत हातांना काम नको, असा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतिराव फुल्यांनी प्राथमिक शाळांसाठी शेतीचे ज्ञान मागितले, पण ते मोडी, बालबोध आणि हिशेब यांच्या जोडीने. हिशेब न येणाऱ्या कुणब्याची कागदावर कशी नागवणूक होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. अक्षर वजा करून नांगर देणारी शाळा त्यांनी मागितली नाही, आणि माझा सगळा आक्षेप त्या वजाबाकीलाच आहे.

बोट्स्वानातले उदाहरण मला म्हणूनच अधिक शिकवणारे वाटते. पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग यांनी सेरोवे येथे १९६५ मध्ये प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी बांधकामाचे पहिले ‘ब्रिगेड’ काढले. मुले खऱ्या इमारती बांधत, त्यातून प्रशिक्षणाचा खर्च निघे, आणि कामाबरोबर वर्गही चालत. तिथेही उत्पादनाच्या ओझ्याखाली शिकवणे मागे पडण्याचा धोका कायम राहिला, तो लपवण्याचे कारण नाही. पण नव्याने स्वतंत्र होणाऱ्या त्या देशाला घरे, शाळा, कचेऱ्या बांधायच्या होत्या. सेरोवेत शिकलेल्या गवंड्याला गिऱ्हाईक होते.