मॉडेल रेल्वेतील डिजिटल डीकोडरचे आयुष्य : एक ऐतिहासिक विचार

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात एखादा शोध कोणी व केव्हा लावला यास जितके स्थान मिळते, तितके ती वस्तू किती काळ टिकली व कशामुळे निकामी झाली या प्रश्नास मिळत नाही. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बसविल्या जाणाऱ्या डीकोडर या लहानशा इलेक्ट्रॉनिक पट्टीसंदर्भात विचारला आहे. विषय खेळण्याचा वाटेल. परंतु युरोप-अमेरिकेत अशी इंजिने एका पिढीकडून दुसरीकडे जातात, आणि वारसाच्या हाती आलेले इंजिन धावणार की काचेच्या कपाटात बसणार, हे पुष्कळदा या पट्टीवर ठरते.

पूर्वीच्या पद्धतीत रुळांतील विद्युतदाब कमी-अधिक केला की त्यांवरील सर्व इंजिने एकदमच मंद वा वेगवान होत. डिजिटल पद्धतीत रुळांत वीज सदैव खेळती असते व त्याच विजेतून सांकेतिक आदेश जातात. प्रत्येक डीकोडर स्वतःच्या क्रमांकाचा आदेश तेवढा उचलतो व मोटर चालवितो.

या पट्टीत हलणारा, झिजणारा असा भाग नाही. तिच्या स्मृतीत पुनःपुन्हा नोंदी करण्यास मर्यादा असली, तरी ती हौशी माणसाच्या हातून सहसा गाठली जात नाही. वयोमानाने खऱ्या अर्थाने क्षीण होतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तो प्रामुख्याने ध्वनियुक्त किंवा वीज साठविणाऱ्या डीकोडरला जोडलेला असतो. एरवी डीकोडर मरतो तो बहुधा अपघाताने. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश धातूच्या सांगाड्यास जोडलेला असे. तो विलग न करता डीकोडर बसविला, तर पहिल्याच क्षणी तो जळू शकतो. मोटर अडकून पडली की ती नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढते. आणि बंदिस्त सांगाड्यात उष्णतेस बाहेर पडण्यास वाट नसते. म्हणजे दोष काळाचा नव्हे, जोडणीचा.

मात्र इतिहासात डीकोडर निरुपयोगी होण्याचे आणखी एक कारण दिसते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील हॉर्नबी कंपनीने १९८० च्या सुमारास 'झीरो १' ही प्रणाली आणली. तीत १६ इंजिने स्वतंत्रपणे चालविता येत. परंतु तिची संकेतभाषा तिच्यापुरतीच होती. काही वर्षांत उत्पादन थांबले आणि इंजिनांतील सुस्थितीतील पट्ट्याही पोरक्या झाल्या. त्यांच्याशी बोलणारे हॉर्नबीचे नियंत्रक नव्याने निघेनासे झाले.

जर्मनीतील मेर्क्लिनची कथा वेगळी आहे. तिच्या १९८० च्या दशकातील प्रणालीत ८० क्रमांकांची सोय होती. सुरुवातीच्या डीकोडरवर हा क्रमांक आठ सूक्ष्म खटक्यांनी ठरविला जाई. (ही व्यवस्था आज ओबडधोबड वाटते; पण खटक्यांना विस्मरण होत नाही.) पुढे कंपनीने नव्या संकेतपद्धती स्वीकारल्या, २००९ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेतूनही गेली, तथापि जुनी भाषा समजणारे नियंत्रक पुढेही निघत राहिल्याने ते डीकोडर बोलते राहिले.

तिसरी वाट मानकाची. गीसेन येथील लेंझ कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीवर आधारलेले मानक अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ मध्ये स्वीकारले. येथे संकेतभाषा कोणा एका उत्पादकाच्या मालकीची राहिली नाही. कमी कालावधीची नाडी म्हणजे एक व दीर्घ कालावधीची नाडी म्हणजे शून्य, हा मूळ संकेत सर्वांसाठी सारखाच. त्यामुळे निर्माता बाजारातून गेला तरी त्याचा डीकोडर दुसऱ्याच्या नियंत्रकावर चालू शकतो.

तथापि एका भाषेतही बोली बदलते. आरंभीच्या काही डीकोडरना वेगाच्या केवळ १४ पायऱ्या कळत. पुढे २८ व १२८ पायऱ्या रूढ झाल्या. जुन्या १४ पायऱ्यांच्या आदेशात दिव्याचा संकेत वेगाच्या संकेतातच गुंफलेला असे. परिणामी, नियंत्रक २८ पायऱ्यांवर ठेवून असे इंजिन चालविले, तर वेग वाढविताना त्याचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. पाहणाऱ्यास वाटते डीकोडर बिघडला, आणि तो उपटून टाकला जातो. वस्तुतः नियंत्रकावर त्या क्रमांकासाठी १४ पायऱ्या निवडल्या की दिवा स्थिर होतो.